आजीची वही : बाराव्यापासून वर्षश्राद्धापर्यंत

आमची आजी गेली तेव्हा पेपरात निधनवार्ता आली. गाव, वय ८६, पश्चात तीन मुलगे, दोन विवाहित मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार, रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी आठ वाजता. संपलं. त्याच पानावर आणखी दोन म्हाताऱ्या होत्या. तिघींची नावं अदलाबदल झाली असती तरी कुणाच्या ध्यानात आलं नसतं. बाराव्याला जे बोलायला उठले त्यांनीही तेच तीन शब्द फिरवले: कष्टाळू, मायाळू, देवभोळी. खोटं काहीच नव्हतं. पण तिघींपैकी दूध घालायला राकसकोपच्या वाटेवरच्या आमच्या गावातून रोज बेळगावातल्या टिळकवाडीपर्यंत चालत जाणारी कोण, ते त्यातून कुणाला कळणार?

वर्षश्राद्धापर्यंत मी तिची एक वही केली. ४८ पानांची छापील पुस्तिका आहे ती, पण घरात सगळे वहीच म्हणतात. नंतर येळ्ळूरच्या आणि खानापूरकडच्या दोन-तीन घरांतून विचारणा झाली, ही कशी केलीस म्हणून. ते इथं एकदाच सविस्तर लिहितो. माझं चुकलं तेही.

पहिले बारा दिवस

सुतकाच्या घरात कागद-पेन घेऊन बसणं वाईट दिसतं असं वाटतं. बसा. आजीच्या वयाच्या, तिच्या माहेरच्या, तिच्यासोबत रोप लावलेल्या बायका या बारा दिवसांतच एकत्र येतात. त्यांतल्या निम्म्या पुन्हा आपल्या दारात येणार नाहीत. त्या भेटायला येतात, रडतात, चहा होतो आणि मग बोलायला लागतात. तेव्हा प्रश्न विचारू नका. जवळ बसा आणि आलेल्या प्रत्येकीचं नाव, गाव, फोन आणि आजीशी नातं एवढंच एका छोट्या वहीत लिहा. काय बोलली त्याची एक ओळ पुरे. 'हलगीचा आवाज आला की पळायची' अशी एक ओळ मी लिहून ठेवली होती. तीन महिन्यांनी त्या बाईंकडे गेलो, तर त्या एका ओळीतून अर्धा तास निघाला.

दुसरं काम, तिची खोली आवरू देऊ नका. निदान आवरायच्या आधी फोटो काढा: खुंटीवरची पिशवी, देव्हारा, ट्रंक उघडून वरून दिसते तशी, उशाखालची डबी. आमच्याकडे दहाव्या दिवसापर्यंत लुगडी वाटूनही झाली होती.

तिसरं सरकारी आहे, पण याच दिवसांतलं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दाखला कन्नडमध्ये येतो, आणि नोंदणाऱ्यानं आपण सांगितलेलं नाव कसं ऐकलं यावर त्यातलं नाव ठरतं. आधार कार्ड आणि जमिनीचा उतारा सोबत न्या. कन्नड वाचता येणाऱ्या शेजाऱ्याला घेऊन जा आणि तिथंच अक्षर न् अक्षर तपासा. पुढं वारसा लावताना, म्हणजे आपल्याकडं ज्याला पौती म्हणतात त्यात, 'बाई' आणि 'बायी' यांवरून अडकलेली माणसं मी बघितली आहेत.

तिचं वय काढणं

आजीचं वय पेपरात ८६ होतं, मतदान कार्डावर ८१. दोन्ही आकडे कुणीतरी अंदाजानं टाकलेले. शाळेत न गेलेल्या बाईच्या जन्मतारखेचा कागद नसतो, पण तिच्या आयुष्यात न विसरता येण्यासारखे दिवस असतात. ते दिवस खुंट्यासारखे वापरायचे.

आपल्या भागात उपयोगी पडणारे खुंटे हे: ३० जानेवारी १९४८, गांधीहत्या. १ एप्रिल १९५७, नवे पैसे आले आणि आण्यांचा हिशेब मागं पडायला लागला. डिसेंबर १९६१, गोव्याकडं निघालेल्या लष्करी गाड्या. बेळगावच्या आसपासच्या गावांना त्या चांगल्या आठवतात. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. १९७२ चा दुष्काळ. निपाणीकडची आजी असेल तर १९८१ चं तंबाखू आंदोलन. आणि सीमाभागातल्या मराठी घरात १७ जानेवारी १९५६, १ नोव्हेंबर १९५६ आणि १ जून १९८६ या सीमालढ्याच्या तारखा वेगळ्या सांगाव्याच लागत नाहीत.

विचारताना 'साल कुठलं?' असं विचारू नका. 'भूकंपात भांडी पडली तेव्हा पाळण्यात कोण होतं?' असं विचारा. आमच्या थोरल्या आत्यानं सांगितलं, गांधींना मारलं त्या थंडीत आईला न्हाण आलं होतं. (आम्ही आजीला 'आई' म्हणायचो आणि आईला 'वैनी'. वहीच्या पहिल्या पानावर कोण तिला काय म्हणायचं याची यादी द्या, नाहीतर पुढच्या पिढीचा पार गोंधळ होतो.) न्हाण आलं म्हणजे तेरा धरू. नव्या पैशाचं पहिलं नाणं तिनं सासरी बघितलं, म्हणजे लग्न एप्रिल १९५७ च्या आधीचं. लष्करी गाड्या गेल्या तेव्हा थोरला काका पोटात. तिन्ही ओळी जुळवल्या आणि जन्मसाल १९३५ च्या आगंमागं आलं. वहीत मी '१९३५ च्या सुमारास' असं लिहिलं आणि खाली हा हिशेब दिला. नुसता आकडा द्यायचा नाही, तो कुठून आला ते द्यायचं.

जुनी पत्रिका किंवा लग्नाची याद सापडली तर तीत शक असेल. शकात ७८ मिळवा. तारीख जानेवारी ते पाडव्याच्या मधली असेल तर ७९.

एकाच घरात राहून चार राज्यं

कागद शोधताना हे डोक्यात पक्कं ठेवा. १९३५ साली आमच्या भागात जन्मलेली बाई मुंबई इलाख्यात जन्मली. स्वातंत्र्यानंतर ती मुंबई राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटकात. उंबरा तोच. बेळगावचं बेळगावी झालं २०१४ साली, तेव्हा आजी अंथरुणाला टेकली होती. तिला कुणी सांगितलंही नाही. त्यामुळं तिचा जुना कागद मराठीत, त्याहून जुना मोडीत आणि नवा कन्नडमध्ये. मोडीला घाबरू नका, वाचणारे अजून आहेत. फक्त मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, फोटो द्या.

माहेर चंदगड तालुक्यात असेल तर आणखी एक मेख आहे. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं, मग ते कोल्हापुरात गेलं. म्हणजे आजीच्या माहेरच्या जुन्या कागदावर 'जिल्हा बेळगाव' असेल आणि भावाच्या कागदावर 'कोल्हापूर'. दोन वेगळी घरं समजून कागद बाजूला ठेवू नका.

एका कोऱ्या पानावर तिच्या नावाची सगळी रूपं उतरवून काढा: माहेरचं, लग्नात ठेवलेलं, रेशन कार्डावरचं, आधारवरचं, उताऱ्यावरचं, गल्लीतलं. आमच्याकडं सात निघाली. माहेरचं नाव सांगणारं फक्त एक माणूस उरलं होतं, तिची मावसबहीण. बाकी सगळ्यांना ती सासरच्या नावानंच माहीत.

हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वाचत फिरणारा, येतो त्या गावांत त्याच्या वहीची सगळ्यांना आशा असते. मीही सुगीनंतर त्याची वाट बघत बसलो. आला, पायली भात घेतलं, वंशावळ खणखणीत वाचली. आमच्या घराण्यातल्या पुरुषांची नावं सरळ खाली येत गेली, आजोबा आले, त्यांचे मुलगे आले. आजी कुठंच नाही. मी विचारलं तर म्हणाला, 'बायकांची नावं लिवत न्हाई सायेब.' त्या दिवशी मला ही वही कशासाठी करतोय ते नीट कळलं.

आवाज धरून ठेवणं

आजी असतानाच रेकॉर्ड करायला हवं होतं, हे सगळेच म्हणतात. तुमची आजी असेल तर हा लेख इथंच ठेवा आणि आधी तिच्याकडं जा. नसेल तर तिच्या बहिणी, मुली, जावा, शेजारणी यांच्याकडं.

फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन टेबलावर न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. भांड्यांचा आणि टेबलाचा आवाज मरतो. सुरुवातीला आपणच बोला: तारीख, गाव, समोर कोण. एका बैठकीत चाळीस-पन्नास मिनिटं, त्यावर नको, म्हातारी माणसं दमतात आणि मग तोंडदेखलं बोलतात. घरी आल्यावर त्याच रात्री फाइलला नाव द्या, तारीख, माणूस आणि विषय असं. फोन, कॉम्प्युटर आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला पेनड्राइव्ह, अशा तीन ठिकाणी ठेवा.

'आजी कशी होती?' असं विचारलं की 'लई चांगली' एवढंच मिळतं. हे विचारा: सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हात कशाला लावायची? पैसे कुठं ठेवायची? रागावली की काय करायची, बोलायची का भांडी आपटायची? कुणाच्या घरचं पाणी प्यायची नाही? कुठल्या गाडीनं पंढरपूरला जायची? शेवटच्या प्रश्नावर धाकट्या आत्यानं बेळगावहून मिरजेपर्यंतची मीटरगेज, मिरजेला पहाटे उतरून बार्शी लाईनची छोटी गाडी, तीत टपावर बसलेले बाप्ये आणि फराळाच्या डब्याला लागलेल्या मुंग्या, एवढं सगळं एका दमात सांगितलं. 'आजीची भक्ती' या विषयावर तीच आत्या दोन वाक्यांत आटपली होती.

आणि उतरवून घेताना भाषा सुधारू नका. हे सगळ्यांत जास्त चुकतं. आपल्याकडं बाईमाणूस 'मी जातो', 'मी आलो' म्हणते. माझ्या पुण्यात शिकलेल्या चुलतबहिणीनं पहिल्या खर्ड्यात आजीची सगळी वाक्यं 'मी जाते', 'मी आले' अशी नीटनेटकी केली. वाचलं तर आजी टीव्हीवरच्या मालिकेतली सासू वाटायला लागली. सगळं परत फिरवलं. बुट्टी म्हटलं असेल तर बुट्टीच, टोपली नाही. मध्येच कन्नडमध्ये बोलली असेल तर ते देवनागरीत तसंच लिहून अर्थ पुढच्या वाक्यात येऊ द्या.

काम: हात काय करत होते

'आयुष्यभर कष्ट केले' या वाक्यावर काट मारा आणि एका दिवसाचं काम तासागणिक लिहा. कुठल्याही आजीच्या वहीत हाच भाग सगळ्यांत मोठा व्हायला हवा असं माझं मत आहे. वडगाव-शहापूरकडची, विणकराघरची आजी असेल तर ती कांड्या किती भरायची, रहाट कुठल्या हातानं फिरवायची. निपाणीची असेल तर हजार विड्यांना किती तास, पानं कधी भिजत घालायची, मोजून घेणारा किती विड्या बाद करायचा. खानापूरची असेल तर लावणीत पाय किती दिवस कुजायचे आणि त्यावर काय लावायची.

आमची आजी दूध घालायची. भिंत ही तिची वही. सोप्याच्या दारामागं हातभर जागेत चुन्याच्या बोटांचे ठिपके होते, वरून खाली रांगा. एक रांग म्हणजे एक घर. सकाळचं दूध दिलं की एक बोट. गिऱ्हाईक गावाला गेलं की तेवढी जागा मोकळी. जास्तीचं दूध दिलं तर ठिपक्याला चिकटून दुसरा, अर्धवट, करंगळीचा. महिना भरला की ती दारामागं उभी राहून बोटानं मोजायची, ओल्या फडक्यानं रांग पुसायची आणि पदराला हात पुसत बाहेर यायची. घरांना नावं नव्हती: विहिरीचं घर, कुत्र्याचं घर, मिलिटरीवालीचं घर. अक्षरओळख नसलेल्या बाईचा हा हिशेब कधी चुकला नाही असं मी लिहिणार होतो, पण आत्या म्हणाली, चुकायचा, आणि चुकला की ती आपल्याच अंगावर घ्यायची.

त्या भिंतीचा माझ्याकडं फोटो नाही. चुलतबहिणीच्या लग्नाला घराला डिस्टेंपर मारला, दार काढलं, आतली भिंतही रंगवली. रंगवणाऱ्याला डबा मीच आणून दिला होता. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचा फोटो काढावा असं कुणालाच सुचत नाही. शेवटी दोन्ही आत्यांना वेगवेगळं बसवून कोऱ्या कागदावर भिंत काढायला लावली. दोघींची चित्रं थोडी वेगळी आली, मी दोन्ही छापली.

तेव्हा आज उठून घरातल्या भिंती, उंबरे, जात्याची जागा, गोठ्याची खुंटी यांचे फोटो काढा. वस्तूंचेही काढा, पण हातात धरलेल्या: विळी रिकामी नको, विळीवर बसलेली आत्या हवी.

सैंपाक

इथं एकच अडचण असते, मापं. 'अंदाजानं घाल गो' यापुढं कुणी जात नाही. तिचं चिपटं किंवा मापटं घरात असेल तर ते तांदळानं शिगोशीग भरून वजनकाट्यावर ठेवा; मग बाकीचं निघतं, कारण चार चिपटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. पण गावागावाचं माप वेगळं, दुसऱ्या घरचं चालत नाही. मग तिच्या हाताखाली शिकलेल्या सुनेला पदार्थ करायला सांगा आणि तिनं भांड्यात टाकायच्या आधी प्रत्येक मूठ वजन करा. हुलग्याचं माडगं आम्ही असंच पकडलं. मांडे नाही जमले. खापर होतं, पण मनगट तिच्यासोबत गेलं.

देव

तिच्या देवाबद्दल लिहिताना माहितीपुस्तक करू नका. वारकरी म्हणजे काय ते वाचणाऱ्याला माहीत आहे. एकादशीला ती काय खायची आणि काय खाते असं सांगायची, ते लिहा. हरिपाठातले कुठले अभंग पाठ होते आणि कुठे अडायची? पारायणात वाचता येत नसताना ज्ञानेश्वरी पुढ्यात घेऊन बसायची का? आमची बसायची, शेजारणीनं पान उलटलं की हीही उलटायची.

आपल्या भागातल्या बहुतेक आज्यांचे देव एका खान्यात बसत नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, आणि मार्गशीर्ष पुनवेला सौंदत्तीच्या डोंगराला परडी. आषाढात मंगाईची जत्रा, उचगावच्या मळेकरणीला नवस. घरातली शिकलेली मंडळी यातलं एखादं गाळायला सांगतील, कारण त्यांना ते अडाणीपणाचं वाटतं. गाळू नका. नवस कशासाठी होता ते मात्र विचारून, ज्याच्यासाठी केला त्याच्या परवानगीनं लिहा.

ओव्या मिळाल्या तर सोनंच. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव आहे. आपणही तसंच करायचं. म्हणायला सांगितलं की बायकांना ओवी आठवत नाही, हात रिकामे असतात म्हणून. जातं नसेल तर सूप द्या, काहीतरी पाखडायला द्या. आमच्याकडं अशी आली:

दळण दळीलं, सूप ठेवलं कोन्याला
भाऊ आला भेटायाला, घोडं बांधलं आंब्याला

धाकट्या आत्याकडं तीच ओवी होती, फक्त तिच्या ओवीत भावानं सायकल टेकली होती आंब्याला. बरोबर कुठली, यावर दोघींचं भांडण. आजीचा भाऊ खरंच सायकलीवरनं यायचा. दोन्ही लिहा.

खोट

प्रत्येक घरात एक गोष्ट असते जी वहीत नको असं ठरतं. आजी आणि तिची धाकटी जाऊ अकरा वर्षं बोलत नव्हत्या, एकाच परसात. मी ते लिहिलं, कारण सगळ्या गावाला माहीत होतं आणि ते गाळलं तर परसातली मधली भिंत कुठून आली ते कळत नाही. भांडणाचं कारण मात्र लिहिलं नाही; जावेची मुलं आहेत, ती वही वाचणार. माझी पट्टी एवढीच: जी गोष्ट आजीनं स्वतः चारचौघांत सांगितली असती ती घ्यायची. आजारपणाचे शेवटचे महिने दोन ओळींत उरका. आठवण ताजी असते म्हणून तोच भाग फुगतो.

छपाई

हे पटकन सांगतो. जुने लहान फोटो सहाशे डीपीआयवर स्कॅन करा, फ्रेममधून काढताना चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट फोटो घ्या. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टात केलेली फाइल तो फॉन्ट नसेल तिथं वाचता येत नाही. डेमी आकार, पानं आठाच्या पटीत, ऐंशी जीएसएमचा नॅचरल शेड कागद, मधोमध पिना. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको, कारण वाचणाऱ्यांत निम्मे सत्तरीचे. घरं मोजा, त्यावर वीस प्रती जास्त.

नातवंडं-पतवंडं कन्नड किंवा इंग्रजी शाळेत आहेत, त्यांना मराठी वाचता येईलच असं नाही. यावर हळहळत बसण्यापेक्षा आवाजाच्या फाइली त्यांच्या फोनवर टाका. आणि शेजारची कन्नड कुटुंबं आजीची होती तेवढीच आपली. आम्ही शेवटची दोन पानं कन्नडमध्ये केली, शेजारच्या अक्कांनीच लिहून दिली.

मागं चार पानं कोरी सोडा आणि वर्षश्राद्धाला वही वाटताना सोबत पेन ठेवा. जेवणानंतर लोक लिहितात. आमच्या घरच्या प्रतीत टिळकवाडीच्या एक आजीबाई, बहुतेक विहिरीच्या घरच्या, थरथरत्या अक्षरात लिहून गेल्या: 'पावसाळ्यात दुधात पाणी घालायची. पण सांगून घालायची.'